गेलेल्यांचा दगड

१

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे अमरावतीचे दिवस. आदल्या संध्याकाळी मळ्यातली वांगी, मेथी, झेंडू तोडून ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं आणि पहाटे बैल जुंपायचे. आमचं धामणखेड रिद्धपूरच्या वाटेवर. तिथून निघालं की शहराचा परकोट दिसेस्तोवर उन्हं चांगली वर यायची. राजापेठेत माझी बसायची जागा ठरलेली, गिऱ्हाइकं ठरलेली आणि त्यांची भांडणंही ठरलेली. माणिकबाई म्हणून एक वकिलीणबाई होत्या. एका हारापुरती फुलं घ्यायला त्यांना अर्धी टोपली उपसावी लागायची.

"माळीबुवा, हा झेंडू कालचा आहे."

"कालचाच हाय बाई. आज तोडला असता तं तो अजून रस्त्यात असता."

मग त्या चिडायच्या, मी हसायचो, आणि फुलं विकली जायची. लढाईत समुद्रापार बसऱ्याकडे सरकारची खेचरं हाकून आलेल्या माणसाला असं साधं भांडण फार गोड लागतं. तिकडे आमच्याशी कोणी भांडत नसे. तिकडे नुसता हुकूम असे.

संध्याकाळी घरी आलो की सत्यवती बैलांपुढे कडबा टाकायची, मला पाय धुवायला पाणी द्यायची आणि ताटाजवळ बसून बाजारात काय झालं ते विचारायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. लढाई संपून मी परत आलो तेव्हा ती दारातच इतकी रडली की शेजारणी धावत आल्या, त्यांना वाटलं मी गेल्याचीच खबर आली. त्यानंतरची वर्षं बरी होती. त्याहून जास्त मला काही नको होतं.

२

मग दगड आला. ज्या ज्या गावातून माणसं महायुद्धावर गेली, तिथे त्यांच्या आठवणीचा दगड बसवा, असं वरून आलं होतं. धामणखेडातून तिघं गेलो होतो. मैनाबाईचा एकुलता एक जानराव, पाटलांचा पुतण्या खुशालराव आणि मी. जानराव बसऱ्याला पटकीनं मेला. खुशालराव आणि मी परत आलो.

दगडावर काय कोरायचं ते साहेबाच्या कचेरीनं इंग्रजीत पाठवलं होतं. आमच्या वामनराव मास्तरांनी त्याचं मराठी केलं. पाथरवटानं वर बारीक अक्षरात सन आणि 'महायुद्धास या गावाहून' एवढं कोरलं, खाली ठसठशीत मोठ्या अक्षरात 'गेले' आणि त्याखाली आमची तिघांची नावं. चावडीसमोर लिंबाच्या झाडाखाली दगड उभा राहिला. साहेब आले, दोन शब्द बोलले, पेढे वाटले.

साहेबांची पाठ वळल्यावर मी मास्तरांना म्हटलं, "मास्तर, मी तं वापस आलो. 'गेले' कसं काय लिहलं?"

"गेला होतास की नाही?"

"गेलो होतो."

"मग बरोबरच आहे. व्याकरणात चूक दाखव."

सगळे हसले. मीही हसलो. रामराव पाटील म्हणाले, "देवीदास, लेका, तू जितेपनीच वर गेला." त्यावर आणखी हसलो. इंग्रजीत लढाईला जाणं आणि मरणं यांना वेगवेगळे शब्द असतील. आपल्याकडे दोन्हीला एकच पुरतो, आणि आजवर त्यानं कोणाचं अडलं नव्हतं.

३

जानरावची राख आली नव्हती, हाड आलं नव्हतं. त्याची आई एवढी वर्षं कोरडीच होती. दगड बसला त्या संध्याकाळी मैनाबाई तिथे गेली, दगडाच्या पायाशी बसली आणि पहिल्यांदा रडली. दुसऱ्या दिवशी तिनं दगडाला तेल-शेंदूर लावला. उभा दगड दिसला की आमच्या गावचे हात शेंदराकडे जातात, त्यात नवल नाही. कोणी नारळ फोडला, कोणी दिवा लावला. कोणाची गाय हरवली आणि सापडली, त्यानं नवस फेडला. वर्षभरात दगडाच्या माथ्यावर शेंदराचा बोटभर थर बसला. वरची बारीक अक्षरं त्याखाली बुजली. सन गेला, महायुद्ध गेलं. उरलं ते मोठं 'गेले' आणि खाली आम्ही तिघं.

मैनाबाईला सोबत म्हणून सत्यवतीही दिवा लावायला जाऊ लागली. मला बरंच वाटलं. म्हातारीला कोणी नव्हतं.

खुशालरावनं त्याच सुमारास गाव सोडलं. अकोल्याला एका जिनात कापसाच्या कामावर लागला म्हणे. कोणाला काही सांगून गेला नाही, आणि नवल म्हणजे त्याच्या घरच्या कोणी विचारलंही नाही.

एका शुक्रवारी बाजारातून परत येताना चावडीवरून गाडी नेली. पाटील ओट्यावर बसले होते, शेजारी शेषराव कोतवाल होता. मी हात वर करून म्हटलं, "राम राम, पाटील."

पाटील माझ्याकडे बघत होते. म्हणजे मी होतो त्या बाजूला बघत होते. कोतवालाला म्हणाले, "देवीदासचे बैल अजून चांगले हायेत, नाही?"

"गुणाचे हायेत. घरची वाट सोडत नाईत," कोतवाल म्हणाला.

मी गाडी थांबवली नाही. म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल, असं मनाशी म्हटलं. पण पाटील म्हातारे नव्हते, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांकडे त्यांनी मान वळवली होती.

४

मी अडाणी नाही. चार बुकं शिकलो आहे, आगबोटीत बसलो आहे, तोफा ऐकल्या आहेत. तोफांनी कान गेलेली माणसं हळू बोलतात आणि त्यांना वाटतं आपण ओरडतो आहोत. तसं माझं झालं असेल, असं मी धरून चाललो. मग वाटलं, गावाचा राग असेल. मैनाबाईचा पोरगा तिकडे राहिला आणि मी मात्र वांगी विकत फिरतो, हे कोणाच्या पोटात दुखत असेल तर त्यांचं फार चुकत नव्हतं. मी अबोला समजून घेतला. अबोल्याला निदान दोन माणसं लागतात.

पण राजापेठेत सगळं ठीक होतं. माणिकबाई भांडत होत्या. टांगेवाले शिव्या देत होते. एकदा मी गाडी चुकीच्या जागी सोडली म्हणून पोलिसानं चांगलं खडसावलं आणि मी त्याच्याकडे इतक्या प्रेमानं बघितलं की तो गोंधळून निघून गेला. परतीच्या वाटेवर मात्र लिंबाचं झाड दिसलं की मी बैल उगाच हळू हाकायचो.

घरात अजून सत्यवती होती. ती हल्ली कमी बोलायची. बाजारातलं विचारायची नाही, मी सांगितलं तर चुलीकडे बघत राहायची. दिवसभराच्या कामानं थकते, असं मी म्हणायचो. मग एका संध्याकाळी तिनं माझं ताट वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. ताट पाटासमोर ठेवलं, पदर सारखा केला, ताटाला हात जोडले आणि उठून बाहेर गेली.

मी पाटावरच बसलो होतो. भाकर गरम होती. मी जेवलो.

थोड्या वेळानं ती आत आली, रिकामं ताट पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. दारातून मैनाबाईला हाक मारून म्हणाली, "माय वो, आजबी पावलं."

५

तिच्यासमोर उभं राहून मी ओरडलो. ती चूल सारवत राहिली. मी तिचं मनगट धरलं. तिनं हात झटकला नाही. दुसऱ्या हातानं तिथे चोळलं आणि स्वतःशी म्हणाली, "मुंग्या येऊन राहिल्या हाताले."

तेव्हा मी रडलो, हे सांगायला मला लाज नाही.

दिवेलागणीला ती तेलाची पणती घेऊन निघाली तसा मीही मागून गेलो आणि दगडाच्या पलीकडच्या अंगाला टेकून बसलो. दगड उन्हानं तापलेला होता. मैनाबाई जानरावशी आणि खुशालरावची आई खुशालशी बोलून घरी गेल्या. सत्यवती एकटी राहिली. मग अक्षरांवरून बोट फिरवल्याचा बारीक आवाज आला. तिला वाचता येत नाही. कोणीतरी तिला माझी जागा दाखवून ठेवली असावी.

"देवीदास," ती म्हणाली.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच, पुढे आयुष्यभर 'अवो' आणि 'आयकलं का'. तिच्या तोंडून माझं नाव असं सुटं, मोकळं ऐकून मला एक क्षण फार बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी मी दगडाला घट्ट धरलं, कारण असं नाव कधी घेतात ते मला माहीत होतं.

"औंदा वांगे भल्ले आले," ती सांगत होती. "पानी कोन देते का मालूम. बाजार कोन करते तेबी मालूम नाई, पन मीठ-तेल येते घरी. तुमीच करत असान. तुमी होते तवा मी बोललीच नाई काई. लाज वाटे. तुमी बाजारातून आले का मले वाटे, आता यायनं कुठीच जाऊ नये."

एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. दगडाशी बोलत होती. मी पलीकडून हळूच म्हटलं, "मी हाय ना वो. इथंच हाय." ती थांबली. मला वाटलं ऐकलं. मग तिनं पणतीची वात पुढे सारली आणि म्हणाली, "हवा सुटली."

ती उठली तेव्हा पणतीच्या उजेडात तिचं कपाळ दिसलं. कुंकू नव्हतं. पुसल्याला बरेच दिवस झाले असावेत, कारण कातडीवर त्याची खूणही राहिली नव्हती.

६

मी बडनेऱ्याहून आगगाडी धरून अकोल्याला गेलो. खुशालराव जिनाच्या आवारात कापसाच्या गंजीवर बसून चिलीम ओढत होता. केसांत, भुवयांत, मिशीत सरकीची लव अडकलेली. मला बघताच उठला आणि छातीशी धरलं. त्याच्या हाताला माझं अंग लागतं आहे याचंच मला अप्रूप वाटलं.

"कवापासून?" त्यानं विचारलं. काय, ते विचारलं नाही.

"दसऱ्यापासून. तुले?"

"मले त्याच्याआंधी. माह्या भावानं माह्यासमोर माह्या वाट्याचं वावर पेरलं. मी बांधावर उभा होतो. म्हनत होता, खुशाल असता तं यंदा तूर घेतली असती." तो हसला. "तूरच घेनार होतो मी."

"आपन मेलो का रे तिकडे?"

"मेलो असतो तं इथं हा मुकादम मले शिव्या कायले देते? गावातच तसं हाय. गावाबाहीर नाई."

मी म्हटलं, "त्या दगडाचं हाय सगळं. मी आपलं नाव काढून टाकतो. छिन्नी घेतो अन् काढतो."

खुशालरावनं चिलीम दगडावर आपटून झाडली. मग म्हणाला, "राहू दे देवीदास. माह्या मायनं दिवा लावला होता का रे तिथं?"

"रोज लावते."

"नाव घेते?"

"घेते."

"मंग राहू दे. इथं मी मेलो तं कोन लावनार हाय?" त्यानं डोळे पुसले, सरकीची लव डोळ्यात गेली म्हणाला. "माह्याच्याले हात लावू नको बापा. तुह्याचं तू पाह्य."

परतीच्या गाडीत मी त्याचं म्हणणं उलटसुलट करून पाहिलं. त्याचं त्याच्यापुरतं खरं होतं. त्याला आईच्या तोंडात नाव हवं होतं. मला सत्यवतीच्या कपाळावर कुंकू हवं होतं, आणि ती माझ्याशी बोलावी, दगडाशी नाही. खरं सांगायचं तर मला त्या दगडाचा हेवा वाटत होता.

७

कापूस वेचणीचे दिवस होते. भर दुपारी गाव ओस पडलेलं, सगळे वावरात. चावडीच्या ओट्यावर रामराव पाटील एकटे बसून सुपारी कातरत होते. मी दगडासमोर उकिडवा बसलो आणि डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत धरून छिन्नी माझ्या नावावर टेकवली.

पहिल्या घावाचा आवाज चावडीच्या भिंतीवर आपटून परत आला. पाटलांनी मान वर केली, लिंबाकडे बघितलं आणि म्हणाले, "सुतारपक्षी लागला वाटते." मग पुन्हा सुपारी कातरू लागले. मी ठोकत राहिलो. 'दे' गेला, 'वी' गेली. अक्षरं खोल होती, पाथरवटानं जीव लावून कोरली होती. दगडाची पूड माझ्या मांडीवर पडत होती आणि प्रत्येक अक्षर गेलं की मला उगाच हलकं वाटत होतं. पायात रुतलेला काटा आपल्याच हातानं निघावा तसं. शेवटचं 'स' काढलं आणि तिथे नुसता पांढरा, खरबरीत चौकोन राहिला.

"कोन हाय तिकडे?"

पाटील माझ्याकडे बघत होते. माझ्या बाजूला नाही, माझ्याकडे. आमची नजर भिडली. इतक्या महिन्यांत गावातल्या कोणी मला 'कोण' म्हटलं नव्हतं.

"राम राम, पाटील," मी म्हटलं.

"राम राम. पाथरवट दिसता. कोन गावचे?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलो. ते हसले नाहीत. ओट्यावरून उतरून जवळ आले आणि पांढऱ्या चौकोनावरून हात फिरवला.

"साफ करून राहिले का? बरं केलं. पन नवीन काई कोरू नका बावा. आमच्या गावचे दोघंच गेले. जानराव अन् खुशाल."

"अन् देवीदास?"

"माळ्याचा देवीदास? तो कुठी गेला?" पाटील म्हणाले. "निंगाला होता लेकाचा. टेसनावरून बायकोच्या आठवनीनं मांगं फिरला. गाव अजून हसते त्याले."

छिन्नी माझ्या हातातून कधी पडली ते मला कळलं नाही. मी घराकडे निघालो. आधी चालत, मग पळत.

८

दार उघडं होतं. अंगण ताजं सारवलेलं होतं. तुळशीजवळ एक लहानसं झबलं वाळत होतं, ते कोणाचं हे मला कळेना. सत्यवती उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं, रुपयाएवढं, ठसठशीत. ते बघून माझे पाय थांबले आणि मला इतका आनंद झाला की बाकी सगळं मी त्या क्षणी विसरलो.

तिनं वर बघितलं. मी तिला दिसलो. ती चटकन उठली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि परक्या माणसाला वाट द्यावी तशी अंग चोरून दाराआड उभी राहिली.

"कोन पाह्यजे?" तिनं जमिनीकडे बघत विचारलं.

मला तिचं नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं, पण परक्या बाईचं नाव परक्या पुरुषानं तिच्या अंगणात उभं राहून कसं घ्यायचं? माझ्या धोतरावर दगडाची पूड होती. तिनं ती पाहिली, थोडी भ्याली आणि आत तोंड करून म्हणाली, "अवो, आयकलं का? भायेर कोनीतरी आलं हाय."

आतून ताट सरकल्याचा आवाज आला. "कोन हाय वो?"

तो आवाज मला माहीत होता. माझाच होता तो, आगबोट बघायच्या आधीचा, वाळवंटाच्या आधीचा, हसत बोलायची सवय असलेला. मग पावलं आली. अंधारातून एक हात पुढे झाला आणि दाराच्या चौकटीवर टेकला. डावा हात होता. त्याची पाचही बोटं शाबूत होती. माझी दोन बसऱ्याच्या इस्पितळात राहिली आहेत.

चेहरा उजेडात येण्याआधी मी मान खाली घातली.

"काय नाव सांगू?" सत्यवतीनं पुन्हा विचारलं, जरा मऊ आवाजात. तिला माझी दया आली असावी.

"काई नाई बाई," मी म्हणालो. "घर चुकलं."